माझ्या नावावरची अठाई

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. आमच्या ह्यांच्याजवळही नाही. ह्यांना अर्धं माहीत आहे, आणि अर्धं माहीत असणारा माणूस सगळं माहीत असल्यासारखा निर्धास्त असतो, त्यामुळं उरलेलं अर्धं सांगायला कधी फटच मिळाली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखत असता तर आधी मला वरून खालपर्यंत बघितलं असतं आणि मग म्हणाला असता—"थोडी कमी झालीस वाटतं," नाहीतर "वाढलीस गं पुन्हा." कळत्या वयापासून लोक माझ्याशी बोलायला सुरुवात अशीच करतात. नमस्कारसुद्धा नंतर.

मी अंबडची. म्हणजे सासर अंबड, माहेर तीर्थपुरी. आमची माणसं कधीकाळी राजस्थानातून आली, पण वडिलांचं किराणा दुकान तीर्थपुरीच्या बाजारात, माझी शाळा तिथलीच मराठी. घरात मारवाडी बोलतो, पण मनातलं लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचतं. सासरी बी-बियाण्यांचं दुकान आहे. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि जाऊ. जावेचं नाव वर्षा. हे सगळं तिच्याबद्दल आहे, पण तिच्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. जरा सांभाळून घ्या. नाही—सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

माझी पाळी पहिल्यापासून लहरी. आली तर आली, नाही तर तीन-तीन महिने पत्ता नाही. हनुवटीवर केस, मानेवर काळी घडी, आणि वजन. आई म्हणायची, लग्न झालं की सगळं बराबर होतं. लग्न झालं, काही बराबर झालं नाही. मुलगी व्हायला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत जालन्यात जितके म्हणून दवाखाने आहेत तितक्यांच्या बाकड्यांवर मी बसून आले. पीसीओडी हा शब्द मला तिथं कळला. त्यापुढं काही कळलं नाही, कारण त्यापुढं प्रत्येक डॉक्टर एकच वाक्य बोलायचा—वजन कमी करा. पाळी येत नाही? वजन कमी करा. मूल होत नाही? वजन कमी करा. एकदा कान दुखत होता म्हणून गेले, तर कानात बॅटरी मारून बघत बघत तो म्हणाला, "ताई, वजनाकडं बघा थोडं." कानात दिसलं का हो ते तुम्हाला?

आणि कमी करायचं कसं, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. मला सोडून. बटाटा सोडा म्हणायचे—अहो, आम्ही जैन, जमिनीखालचं काही आमच्या घरात शिजत नाही, बटाटा मी जन्मात खाल्लेला नाही. संध्याकाळी सातनंतर खाऊ नका—आमच्याकडं सूर्य मावळला की ताट बंद, माझ्या पणजीपासून. चालायला जा—जात होते, मत्स्योदरीच्या टेकडीपर्यंत रोज सकाळी, पायाला घट्टे पडेपर्यंत. जिरं उकळून पी, मेथी भिजवून खा, दुधीचा रस घे, लिंबू-मध घे. सगळं घेतलं. वर्षभर पोट मारून, दोन पोळ्यांची एक करून, मुलीच्या वाढदिवसाचा पेढा दाताला न लावता, मी तीन किलो घालवले आणि दिवाळीच्या पंधरवड्यात ते चार होऊन परत आले. लोकांना वाटायचं ही लपून खाते. आमच्या सासूबाई—त्यांना आम्ही बाई म्हणतो—त्या तर पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "हिला हवासुद्धा लागते अंगाला." सगळे हसायचे. मीही हसायची. काय करणार?

त्यात अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली. दवाखान्यातून घरी येताना गाडीत मी ह्यांना म्हटलं, घरी सांगू नका. का म्हटलं? कारण मला ते वाक्य आधीच ऐकू येत होतं—खाऊन खाऊन करून घेतलं. हे म्हणाले, "बरं." ह्यांना कटकट नकोच असते. गोळ्या मी कपाटात साड्यांमागं ठेवल्या आणि सकाळी अंघोळीनंतर दार लावून घ्यायला लागले. रोगाची लाज नव्हती हो. लाज त्या वाक्याची होती.

वर्षाचं तसं नव्हतं. तिलाही शुगर होती, दुसऱ्या बाळंतपणापासून. अंगानं तीही भरलेली. पण तिनं ते लपवलं नाही. जेवायला बसली की सगळ्यांसमोर गोळी काढायची आणि म्हणायची, "चला, माझा प्रसाद आला." बाई तिलाही बोलायच्या, पण ती ओढणी सावरून गाणं गुणगुणत निघून जायची. गळा गोड होता तिचा. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, स्तवनं म्हणायला तिलाच पुढं बसवायचे. शंभरेक स्तवनं तिला तोंडपाठ. आणि मला ती मानायची. का मानायची देव जाणे. भाभी हे कसं करू, भाभी ते कसं करू. मला बहीण नाही, मला ते आवडायचं. आणि—हेही सांगून टाकते—तिचा मोकळेपणा मला टोचायचाही.

आता त्या लग्नाचं सांगते. भाच्याचं लग्न होतं जालन्याला. घरच्या सगळ्या बायकांचा फोटो काढायचा म्हणून आम्हाला मांडवात ओळीनं उभं केलं. फोटोवाला पंचविशीचा पोरगा. कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "ओ मावशी, तुम्ही जरा मागच्या लाइनीत जा, बाकीच्या झाकल्या जाऊ राह्यल्या." त्यात वाईट हेतू काही नव्हता त्याचा. मी मागं गेले. माझी मुलगी पुढच्या ओळीत होती, तिनं मान वळवून बघितलं नाही. तेवढंच. पण घरी येताना अख्ख्या रस्त्याला मी एकच विचार करत होते की हे संपलं पाहिजे. कसंही करून.

पुढच्या चातुर्मासात मी अठाई करायचं ठरवलं. अठाई म्हणजे आठ दिवसांचा उपवास. साबुदाणा-भगरीचा नव्हे. आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. रोज सकाळी स्थानकात जाऊन महासतीजींकडून, म्हणजे चातुर्मासाला तिथं उतरलेल्या साध्वींकडून, त्या दिवसाचं व्रत घ्यायचं. फार मोठं तप आहे ते. कर्म झडावं म्हणून करतात. मी किलो झडावेत म्हणून केलं. आठ दिवस न जेवण्याची याहून चांगली सोय कुठं होती? कुणी विचारणार नाही, कुणी टोकणार नाही, उलट पाया पडतील. मनाशी हिशेब असा नीच होता, आणि तो करताना मला जराही वाईट वाटलं नाही. इतकी मी वैतागलेली होते.

पहिल्या सकाळी महासतीजींनी विचारलंच. "तब्येत ठीक आहे ना? काही बीमारी, काही गोळ्या चालू असतील तर करू नका. त्यात कमीपणा नाही. एकासना करा, एक वेळ जेवा; नाहीतर नवकारशी करा, सकाळी दोन घटका थांबून मग खा; तेही तपच आहे." मी हात जोडून म्हटलं, "बिलकुल काही न्हाई." स्थानकात बसून, व्रत घेताघेता. शेजारी बाई होत्या, मागं वर्षा होती.

डॉक्टरला विचारलं नव्हतं. ह्यांना वाटलं विचारलं असेल. आणि गोळ्या मी चालूच ठेवल्या. शुगर वाढेल ही भीती. पोटात अन्न नसताना ती गोळी काय करते हे मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी माहीत झालं.

त्या सकाळी व्रत घेतलं आणि बरं वाटेना म्हणून रिक्षानं एकटीच घरी आले. बाकी सगळे प्रवचनाला थांबले. दार उघडलं आणि अंगाला घाम फुटला, गार घाम, पदर भिजेपर्यंत. हात थरथरायला लागले, ओठ बधिर, डोळ्यापुढं भिंती हलायला लागल्या. आणि भूक—ती भूक म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, ती पोटात नव्हती, ती हाडांत होती. मी स्वयंपाकघरात कशी गेले आठवत नाही. गुळाचा डबा आठवतो. मुठीनं खाल्ला. मग आदल्या दिवशीची पोळी तूप-साखर घालून, उभ्यानं. मग अजून एक. दहा-पंधरा मिनिटांत थरथर थांबली आणि डोकं ताळ्यावर आलं. शरीरानं मला वाचवलं होतं. तोपर्यंत मी काही गुन्हा केला असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर जे केलं ते गुन्हा होता. सरळ जाऊन सांगायचं होतं—महासतीजी, माझ्याकडून नाही झालं, व्रत मोडलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं असतं, विषय संपला असता. दरवर्षी दोन-चार जणांचं मोडतं. मी डबा पुसून जागेवर ठेवला, चूळ भरली, आणि पलंगावर जाऊन पडले. बाई आल्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि माझे पाय चेपायला बसल्या. माझे पाय! लग्न होऊन आल्यापासून मीच त्यांचे चेपत आले होते. म्हणाल्या, "मला वाटलं नव्हतं तुझ्यात इतका दम असेल." तुम्हीच सांगा, त्यावर मी काय बोलणार होते? बोलता आलं असतं. बोलले नाही.

मग पाचवा, सहावा, सातवा, आठवा—रोज सगळे प्रवचनाला गेले की मी खायची. सावकाश, ताट घेऊन, बसून. वर तेच व्रत रोज सकाळी हात जोडून घेत होते. आणि बायका येऊन म्हणायच्या, "तपाचं तेज आलंय चेहऱ्यावर." शेवटच्या दिवशी मिरवणूक निघाली. बँड, उघडी जीप, बाईंनी स्वतः नेसवलेली लाल चुनडी. अंबडच्या बाजारातून आमच्या दुकानावरून गेली तेव्हा हे पायरीवर उभे होते, डोळे पुसत. वर्षा जीपच्या पुढं गात चालली होती. तिनं माझ्यासाठी स्वतः जुळवलेलं गीत होतं ते, माझं नाव घातलेलं. फोटो आले, त्यात मी पहिल्यांदाच मधोमध होते. वजन किती उतरलं विचारता? दीड किलो. महिन्याभरात तेही भरून आलं.

एवढंच असतं तर मी तुम्हाला थांबवून हे सांगितलं नसतं. खोटं तप केलेली मी जगात पहिली नसेन.

पुढच्या चातुर्मासाच्या तोंडावर वर्षा एका दुपारी खाली आली. मी गहू निवडत होते. माझ्या ताटातले मूठभर गहू स्वतःकडं ओढून निवडता निवडता म्हणाली, "भाभी, मी पण अठाई करते यंदा."

"तू?"

"का? तुमच्यासारखीच तर आहे अंगानं. तुम्हाला झाली, मला न्हाई होणार? वजन पण उतरंल थोडं. डॉक्टर नुसतं म्हणू राह्यले कमी करा, कमी करा. मी तर थकले आता."

म्हणजे तिचाही हिशेब तोच होता. फक्त ती तो मोकळेपणानं बोलून दाखवत होती. मग तिनं विचारलं, "पण भाभी, शुगरच्या गोळीचं काय करायचं? घ्यायची का न्हाई उपवासात?"

हा प्रश्न तिनं अख्ख्या अंबडमध्ये ज्या एका बाईला विचारायला नको होता—किंवा जिला विचारायलाच हवा होता—तिला विचारला. याचं उत्तर माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? स्वयंपाकघराच्या भिंती हलताना मी पाहिल्या होत्या. आणि मी म्हटलं, "मला काय माहीत गं. मी कुठं गोळ्या घेते."

तिनं मान डोलावली. म्हणाली, "घेतेच मंग. चुकवू नका म्हणतेत डॉक्टर."

मी गहू निवडत राहिले.

स्थानकात तिनं इच्छा सांगितली तेव्हा महासतीजी तयार होईनात. तिची शुगर सगळ्यांना माहीत होती. त्यांनी तिला वेगवेगळी तपं सुचवली, एक वेळ जेवायची, दोन वेळ जेवायची. वर्षा हात जोडून बसली. "भाभींनी केली ना, महासतीजी. मला पण करू द्या. घरचे सगळे आहेत संभाळायला." तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुम्हाला अनुभव आहे. झेपेल का ह्यांना?"

विचारलं हो मला. कुणी विचारलंच नाही, असं म्हणायची सोयही नाही मला. पन्नासेक बायका बसलेल्या, बाई शेजारी. एक शब्द पुरला असता—नको. पण नको म्हटलं की का म्हणून विचारणार, आणि त्या 'का'च्या मागं साड्यांमागच्या गोळ्या होत्या, गुळाचा डबा होता, जीप होती. मी म्हटलं, "एकेक दिवस बघत करू द्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्थानकात निघताना जिन्यावरून पडली. हे दुकान उघडायला गेलेले, बाकी आम्ही सगळे खालीच चपला घालत होतो. धपकन आवाज आला. धावलो. ती शेवटच्या पायरीशी वाकडी पडलेली, पाय अंगाखाली मुडपलेला, डोळे अर्धे उघडे. बेशुद्ध नव्हती. ओठ हलत होते. दीर ओरडू राह्यले होते, कुणी म्हणालं हार्टचं आहे, कुणी म्हणालं पाय मोडला. मी तिचा हात धरला. गार. घामानं निथळत होता. बोटं थरथरत होती.

मला एका क्षणात कळलं. डॉक्टरला मशीन लावून कळतं ते मला नुसत्या हातानं कळलं.

मी आत पळाले. ग्लासात साखर ओतली, पाणी ओतलं, बोटानं ढवळत बाहेर आले. इथपर्यंत मी बरोबर होते. मी तिच्याशी टेकले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि बाई ओरडल्या, "अगं, काय करतीस? तप चालू आहे तिचं! मोडशील का?" दीर म्हणाले, "भाभी, थांबा, गाडी आलीच. डॉक्टर बघतील."

मी थांबले.

ग्लास माझ्या हातात होता. तिचे ओठ हलत होते. दोन घोट उतरले असते. नसते उतरले, तर साखर हिरडीला चोळता आली असती. मला फक्त म्हणायचं होतं—ही शुगर उतरलीय, मला माहीत आहे, मला असंच झालं होतं. पण 'मला असंच झालं होतं' हे त्या वाक्यातून काढून उरलेलं बोलता येईल का, हे मी शोधत बसले. शोधत बसले हो! तिच्या डोळ्यांतलं बुबुळ वर जायला लागलं होतं, आणि मी वाक्य जुळवत होते. गाडी आली. तिला उचललं. मी ग्लास जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि मागं बसले.

अंबड ते जालना रस्ता तुम्हाला माहीत असेल. पाऊण तास लागतो. हाड मोडलंय म्हणून सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिला झटके आले. तिचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. तेव्हाही मी बोलले नाही. तेव्हा तर गाडीत साखरही नव्हती.

दवाखान्यात सुईतून साखर दिली आणि काही वेळानं ती डोळे उघडून बघायला लागली. डॉक्टर बाहेर येऊन चिडून म्हणाला, "एवढा वेळ शुगर खाली होती. मेंदूला इजा होते त्यानं. घरी कुणाच्या लक्षात आलं न्हाई? नुसतं साखरेचं पाणी पाजलं असतं तरी एवढ्यावर आलं नसतं." दीर भिंतीला टेकून खाली बसले. बाई म्हणाल्या, "आम्हाला काय ठाऊक साहेब. घरात शुगर फक्त वर्षालाच आहे." हे दुकानावरून मागाहून येऊन माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. ह्यांना वाटतं मी लपवलं ते एवढंच—माझी शुगर. ग्लासाबद्दल ह्यांना काही माहीत नाही, ते त्या वेळी तिथं नव्हते, आणि ज्यांनी मला थांबवलं त्या बाई-दीरांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली. ती चालते आता, काठी घेऊन, एका बाजूला झुकत. त्याची तक्रार ती करत नाही. दुसरं काही झालंय, त्याला आमच्या घरात नाव नाही. ती स्तवन म्हणायला लागते आणि दोन ओळींनंतर थांबते. पुढचे शब्द येत नाहीत. डोळे मिटून शोधते, ओठ हलवते, मग हसून म्हणते, "जाऊ द्या, विसरले." स्थानकात आता ती मागं बसते.

आणि बोलणी कुणाला बसली? तिलाच. मन कच्चं होतं म्हणाले. मोठीचं बघून उडी मारली म्हणाले. मोठीनं आठ केले, हिला तीन झेपले नाहीत. बाई हे माझ्या तोंडावर, तिच्या तोंडावर बोलल्या. सुईतून साखर गेली, म्हणून तिचं तपही मोडलं असं धरलं गेलं, आणि दवाखान्यातून आल्यावर ती माझ्यापाशी रडली ती पायासाठी नाही. "भाभी, मी तुमचं नाव खराब केलं," म्हणाली.

त्यानंतर वर्षभरानं मला जालन्यातच एक नवीन डॉक्टरीणबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्यांदा मला नीट बसवून सांगितलं की या आजारात शरीर आलेलं सगळं साठवून ठेवतं, उपाशी ठेवलं की आणखी घट्ट धरून ठेवतं, म्हणून तुमचं वजन हटत नव्हतं. गोळी बदलली, काय कधी खायचं ते सांगितलं. उपाशी न राहता, हळूहळू, दोन वर्षांत माझे अकरा किलो उतरले. लोक विचारतात कसं केलं. त्या डॉक्टरीणबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं स्वतःला दोष देत आलात ना? यात तुमचा काहीच दोष नाही." मला त्यांचा इतका राग आला की मी पर्स उचलून बाहेर आले. चांगलं बोलत होत्या हो त्या बिचाऱ्या. वीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी बाकड्यांवर बसले ते वाक्य मिळालं, आणि ते घ्यायला मी लायक उरले नव्हते.

संवत्सरीला आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. वर्षातून एकदा, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर, घरातल्या प्रत्येकाची, हात जोडून. वर्षा काठी भिंतीला टेकवून माझ्यासमोर उभी राहते आणि म्हणते. मीही म्हणते. तेच ठरलेले शब्द. इतकी वर्षं ते शब्द मी तिच्या तोंडावर म्हणत आले आणि त्यांच्या आत मी काहीच घातलं नाही.

यंदा स्थानकात एक नवी सून आमच्याजवळ येऊन बसली. वजनानं गांजलेली. अठाई करू का म्हणून विचारत होती. वर्षा म्हणाली, "भाभींना विचार. ह्यांची झालीय. माझं मन कच्चं पडलं गं."

मी त्या सुनेला म्हटलं, आधी डॉक्टरला विचार, आणि गोळ्या असतील तर अजिबात करू नको. एवढं बोलले. वर्षाच्या वाक्याला मी काही म्हटलं नाही. ती माझ्या शेजारीच होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

ते वाक्य खोटं आहे. वर्षाचं मन कच्चं नव्हतं. जिन्यावरून पडली तेव्हा तिच्या पोटात उकळलेलं पाणी आणि एक गोळी, यांशिवाय काही नव्हतं. वर तिच्या स्वयंपाकघरातही गूळ होता. तिला भूक लागली असेल, हाडांत लागते तशी. तिनं खाल्लं नाही. मी खाल्लं, आणि तिच्यासाठी भरलेला ग्लास कठड्यावर ठेवला.